यंत्राची नाडी

पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांतला मुरलेला फिटर स्क्रू-ड्रायव्हरचे टोक मोटारीच्या बेअरिंगवर टेकवतो, मूठ कानाशी धरतो आणि कंपने ऐकतो. त्यांतून काय कळते, ते आपण पाहू.

मिनिटाला १४४० फेरे, म्हणजे सेकंदाला २४. चाक एका बाजूला जड असेल, तर कंपन २४ हर्ट्झचे. जोडलेले दोन आस एका रेषेत नसतील, तर बहुधा ४८ हर्ट्झचे कंपन वाढते. आठ गोळ्यांच्या बेअरिंगचे बाहेरचे स्थिर कडे चिरले, तर चिरेवरून जाणारी प्रत्येक गोळी ठोका देते. गोळ्या आसाच्या निम्म्याहून कमी वेगाने फिरतात. म्हणून ठोके १९२ नव्हेत, सुमारे ७७.

ही सरमिसळ फूरियेच्या गणिताने सुटी करता येते. मग आस अडकून अपघात होण्यापूर्वीच बेअरिंग बदलता येते.

वर्गात खेळण्यातल्या मोटारीच्या चकतीला कडेवर मेणाचा ठिपका लावा. थरथर लगेच हाताला जाणवेल.