ही टकटक की कटकट?

आमच्या भिवंडीत यंत्रमागाच्या आवाजाचं कुणाला वावडं नाही. खटाखट ऐकू आली की लोक म्हणतात, ‘चला, धंदा चालू आहे!’ माग थांबले तरच जीव धास्तावतो. मात्र घरातली बाई रात्री की-बोर्ड घेऊन बसली, की लगेच ‘किती गं ती टकटक!’

मी रात्री दोन तास घरूनच बिलांची टायपिंगची कामं करते, म्हणून या आवाजाचा जरा शोध घेतला.

साध्या की-बोर्डमध्ये बटणाखाली रबर असतं, त्यामुळे आवाज मऊ येतो. मेकॅनिकल की-बोर्डमध्ये प्रत्येक बटणाला स्प्रिंगचा वेगळा स्विच असतो. जर्मनीच्या चेरी कंपनीचे स्विच रंगावरून ओळखतात. लाल सरळ खाली जातो, तपकिरी बोटाला हलकासा अडतो आणि निळा मुद्दाम ‘टिक्’ करतो. शिवाय बटण तळाला आपटतं, त्याचा आवाज वेगळाच.

गंमत म्हणजे, एकच आवाज दोघींना वेगळा लागतो. टाइप करणारीला ‘टिक्’ म्हणजे अक्षर उमटल्याची पोच. पुढची टिक् कधी येणार, हे तिच्या बोटांना ठाऊक असतं. पलीकडे झोपलेल्याला ते ठाऊक नसतं. आवाज मध्येच थांबतो, मध्येच सुरू होतो, म्हणून कानाला टोचतो. मागाचा ठेका ठरलेला, त्याची सवय होते. अर्थात सवयीनं अपाय टळत नाही. रोज आठ तास 85 डेसिबलच्या वर आवाज ऐकणं कानांना धोक्याचं असतं. मागावरचे कितीतरी कामगार कमी ऐकू येण्याचा त्रास सोसतात. की-बोर्ड बिचारा त्याच्या जवळपासही नाही!

आपल्या राज्यात टाइपरायटरवरची सरकारी परीक्षा 2017 मध्ये शेवटची झाली. टायपिंग क्लासमधला तो खडखडाट आठवतो ना? त्याला कटकट कोण म्हणायचं? मुलीला नोकरी लागेल, ही आशा होती त्यात.

माझ्या सासूबाईंची झोप मोडायची, हे खरंच होतं. मी रबराचा की-बोर्ड आणला, खाली टॉवेलची घडी ठेवली. आवाज बराच उतरला. मग त्यांना महिन्याचा हिशेबही दाखवला. लाइटबिल आणि नातवाची फी याच टकटकीतून निघते, हे त्यांना तेव्हा कळलं.

तेव्हा मैत्रिणींनो, आवाज जरूर कमी करा, दुसऱ्याची झोप सांभाळा. पण आपलं काम दबक्या आवाजात सांगू नका.