बैलाच्या दमाने बांधलेले घाट

वर्धा शहराला लागून असलेल्या सावंगी (मेघे) गावातून कोणत्याही दिशेला सायकल काढली, तरी पहिला तासभर घाट म्हणावा असा चढ लागत नाही. आमच्याकडे सायकलस्वाराची परीक्षा घेतो तो वारा आणि वैशाखातले ऊन. खऱ्या घाटासाठी आर्वीमार्गे तळेगाव (श्यामजीपंत) गाठून नागपूर–अमरावती रस्त्यावरच्या सत्याग्रही घाटात जावे लागते. त्याहून मोठा चढ हवा असेल तर परतवाड्याहून चिखलदऱ्याचा रस्ता धरावा. सपाट मुलखातल्या माणसाला घाटाचे कुतूहल जास्त असते. माझे कुतूहल एका साध्या प्रश्नापाशी येऊन थांबले : घाटाचा चढ जितका असतो, तितकाच का असतो?

डोंगराची उंची निसर्गाने ठरवली, हे खरे. पण ती उंची पाच किलोमीटरमध्ये चढायची की दहा, हे माणसाने ठरवले. सह्याद्रीतल्या आणि सातपुड्यातल्या घाटांचे आकडे मांडून पाहू लागलो, तसे माझे मत पक्के होत गेले. आज सायकलवरून आपण जो चढ चढतो, तो बहुतेक ठिकाणी बैलाच्या ताकदीने ठरलेला आहे.

आधी हिशेब समजून घेऊ. शंभर मीटर अंतरात पाच मीटर उंची वाढली, तर चढ पाच टक्के. जुने अभियंते यालाच ‘विसास एक’ म्हणत. खोपोली समुद्रसपाटीपासून साधारण ६० मीटरवर, तर खंडाळा साधारण ५५० मीटरवर आहे. जुन्या रस्त्याने मधले अंतर सुमारे १० किलोमीटर. म्हणजे बोरघाटाचा सरासरी चढ पाच टक्क्यांच्या आसपास, जवळपास विसास एक. हा आकडा योगायोगाने आलेला नाही.

एक टन वजनाची भरलेली बंडी घ्या. पाच टक्के चढावर ती ५० किलो वजनाइतक्या जोराने मागे ओढते. लोखंडी धावेची चाके खडीच्या चांगल्या रस्त्यावर फिरवायला आणखी २० ते ३० किलोचा जोर लागतो. एकूण झाला ७० ते ८० किलो. आता बैलाकडे पाहू. तासन्‌तास चालायचे असेल तर बैल आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका जोर सतत लावू शकतो. साडेतीनशे किलोच्या दोन बैलांची जोडी म्हणजे ७० किलो. चढ आणि जोडी यांचा मेळ इथे जेमतेम बसतो. हाच चढ दहा टक्के केला तर सव्वाशे किलोचा जोर लागेल. मग पुढे दुसरी जोडी जुंपा, नाही तर अर्धा माल उतरवून ठेवा. गाडीरस्त्याचा चढ विसास एकच्या आसपास ठेवण्यामागे असा रोखठोक व्यवहार आहे.

गाडीरस्ते होण्यापूर्वीचे घाट वेगळे होते. जुन्नरजवळच्या नाणेघाटात दगडी फरसबंदी आणि पायऱ्या आहेत. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, म्हणजे ही वाट दोन हजार वर्षांहून जुनी. पाठीवर गोणी लादलेल्या बैलाला चाकांची अडचण नसते, तो पायऱ्याही चढतो. म्हणून अशा वाटा सरळ अंगावर येतात. तिथे सायकल खांद्यावर घेऊनच जावे लागेल.

आमच्या भागाचा संबंध इथे येतो. शेजारच्या वऱ्हाडाचा कापूस एके काळी बैलांच्या पाठीवरून गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. मुंबईचे बंदर त्या मानाने जवळ होते, पण मध्ये सह्याद्रीची भिंत होती. मुंबई–पुणे वाटेवर गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात, १८३० मध्ये, बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. पुढे रेल्वे आली. बोरघाटातून ती १८६३ मध्ये आणि कसाऱ्याच्या थळघाटातून १८६५ मध्ये वर चढली. थळघाटातून वर आलेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला. १८६६ मध्ये वसवलेले वर्धा शहर याच मार्गावरचे. आमचा कापूस मुंबईला गेला तो थळघाट उतरून.

या दोन्ही लोहमार्गांचा चढ ‘सदतिसास एक’, म्हणजे २.७ टक्के आहे. सायकलस्वाराला एवढा चढ फार त्रास देत नाही. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरते, त्यामुळे आगगाडीला तो भारी पडतो आणि गाडीला जादा इंजिने लावावी लागतात. एकाच डोंगरावर लादणीच्या बैलाची वाट सर्वांत उभी, बंडीची मध्यम आणि आगगाडीची सर्वांत सौम्य असते. प्रत्येक वाट ज्याच्यासाठी केली, त्याच्या मर्यादेइतकीच चढते.

मोटार आल्यावर हे बंधन सैल झाले. सिंहगडावर जाणारा रस्ता मोटारींच्या काळातला. तिथे कित्येक ठिकाणी चढ दहा टक्क्यांच्या वर जातो. पुण्याचे सायकलस्वार सरावाला तो निवडतात, ते याचसाठी. तरीही इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत डोंगराळ प्रदेशातल्या रस्त्याचा सर्वसाधारण चढ आजही पाच टक्केच आहे. फार उभ्या प्रदेशात सहा, अपवाद म्हणून आठ. मोटारींसाठी लिहिलेल्या नियमावलीतही बंडीच्या काळातला आकडा टिकून राहिला आहे. याच नियमांप्रमाणे हेअरपिन वळणावर चढ अडीच टक्क्यांपेक्षा जास्त ठेवायचा नसतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाने गेले की दम परत मिळतो, हा सायकलस्वारांचा अनुभव त्यातूनच आला आहे.

आता माणसाच्या ताकदीचा हिशेब. स्वार ६५ किलो आणि सायकल १५ किलो, असे ८० किलो धरू. पाच टक्के चढावर ताशी १० किलोमीटर वेगाने तासाला ५०० मीटर उंची चढून होते. त्यासाठी सुमारे ११० वॅट लागतात. चाकांचे घर्षण आणि वारा धरून १२०च्या पुढे. निरोगी, सवयीच्या माणसाला एवढी ताकद तासभर लावता येते. म्हणजे बैलजोडीसाठी आखलेला बोरघाट साध्या सायकलस्वाराला तासाभराचा होतो. चढ दहा टक्के झाला तर तेवढ्याच ताकदीत वेग ताशी पाचवर येतो आणि तोल सांभाळणे हेच निराळे काम होऊन बसते. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत ‘घाटाचा राजा’ हा किताब वेगळा देतात, तो या ताकदीचा मान म्हणून.

सपाटीवरचा माणूस घाटात कच्चा पडेल, असेही नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये जोडीने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्याने पुरी केली. सुमारे ४,८०० किलोमीटरच्या या शर्यतीत रॉकी पर्वताच्या खिंडी लागतात. चढ म्हणजे ताकद आणि वेळ यांचा हिशेब. वाऱ्याविरुद्ध तासन्‌तास पायडल मारणाऱ्याला तो नवा नसतो.

चिखलदऱ्याचेच पाहा. गाव सुमारे १,१०० मीटर उंचीवर, परतवाड्याहून अंतर तिसेक किलोमीटर. सरासरी काढली तर चढ अडीच टक्क्यांच्या आसपास येतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण सुरुवातीचा बराच रस्ता सपाटीचा आहे. खरा चढ उरलेल्या भागात दाटलेला आहे. म्हणून घाटाची सरासरी कधीही पायथ्यापासून काढावी, गावापासून नव्हे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारास एक प्रमाणाच्या नकाशावर दर २० मीटर उंचीला एक समोच्चरेषा असते. रस्ता किती रेषा ओलांडतो ते मोजावे, त्याला विसाने गुणावे आणि रस्त्याच्या लांबीने भागावे. शाळेतल्या गणिताने कोणत्याही घाटाचा स्वभाव असा घरबसल्या कळतो.

हे सगळे मांडण्याची घाई मला एका कारणाने वाटते. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. आता घाट टाळून बोगद्यांतून रस्ते नेण्याकडे कल आहे. प्रवाशांच्या सोयीचे ते आहेच. पण वाहतूक बोगद्यात गेली की जुन्या घाटरस्त्याकडे कोण पाहणार? बोरघाटातला अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला गेला. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणाऱ्या आणि त्यापायी जीव गमावणाऱ्या धनगराची ती आठवण, असे लोक सांगतात. द्रुतगती मार्गावरच्या मोटारीतून ते देऊळ लागत नाही.

घाटरस्ता हा एक दस्तऐवज आहे. त्यावर कोणाची सही नाही, पण बैलाचा दम, माल्कमच्या काळातल्या मजुरांची पहार आणि कापसाचा भाव त्यात नोंदलेला आहे. हा दस्तऐवज डोळ्यांनी वाचता येत नाही. मोटारीच्या इंजिनाला तो जाणवतही नाही. तो वाचायला मांड्या लागतात. जुने घाट सायकलींसाठी डागडुजी करून राखले, तर तो पुढच्यांनाही वाचता येईल.