ऊस वाहतूक : ट्रॉली, ट्रक आणि रस्त्यावरचे सौजन्य

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून साधारण मार्च-एप्रिलपर्यंत चालणाऱ्या गळीत हंगामात, म्हणजे साखर कारखान्यांत उसाचे गाळप सुरू असताना, कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांतील रस्त्यांवर मालट्रक आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर एकामागोमाग धावत असतात. अशा ट्रॉल्यांना बहुधा स्वतंत्र ब्रेक नसतात. त्यामुळे उतारावर ट्रॅक्टरने अचानक ब्रेक लावल्यास मागचा भार त्याला पुढे रेटतो आणि जोडणीच्या पिनेपाशी सगळे वाहन कात्रीसारखे दुमडू शकते. म्हणूनच उतार सुरू होण्यापूर्वी खालचा गिअर टाकणे आणि वाहन न्यूट्रलवर न सोडणे हा पहिला नियम ठरतो.

रात्री धोका वाढतो, कारण बाहेर लोंबणाऱ्या उसाआड मागचे दिवे झाकले जातात. परावर्तक पट्टी, म्हणजे पडलेला प्रकाश आला त्याच दिशेने परतवणारी पट्टी, पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल असावी व ती उसाखाली दडू नये. मागून येणाऱ्या ट्रकचालकाने पुरेसे अंतर राखून दिवे डिपरवर ठेवावेत, तर ट्रॅक्टरचालकाने मोकळी जागा मिळताच डावीकडे घेऊन खोळंबलेल्या रांगेला वाट द्यावी. बंद पडलेल्या ट्रॉलीच्या चाकांना लावलेले दगड दुरुस्तीनंतर रस्त्यातच टाकून जाण्याची सवय मागाहून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकते.

ट्रॉली फडातून बाहेर काढण्यापूर्वी पिन, दिवे आणि पट्टी या तीन गोष्टी प्रत्येक चालकाने आवर्जून तपासाव्यात.