फुंकरीत पोटाची खबर

मोहर्ली हे चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातले, इरई धरणाच्या जलाशयाजवळचे गाव. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात शिरायचा एक मोठा दरवाजा इथे आहे. पहाटे फाटक उघडण्याआधी जिप्सीचालक आणि गाइड टपरीवर जमतात; हातात दुधाचा चहा, खिशात सुपारी-तंबाखूचा खर्रा. घरच्या ताटात भात, तुरीचे नाहीतर लाखोळीचे वरण, पावसाळ्यात वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची भाजी, उन्हाळ्यात मोहफुले. पोट फुगले, गुडगुडले, तर ओवा चावायचा, सोडा प्यायचा, नाहीच भागले तर मेडिकलमधून गोळी आणायची. पण फुगले कशाने, हा प्रश्न तसाच राहतो. त्याचे उत्तर देणारी एक तपासणी आहे. तिला सुई लागत नाही, घशातून नळी घालावी लागत नाही. माणसाने फक्त फुंकायचे असते.

माणूस हायड्रोजन बनवत नाही

या तपासणीचा सगळा डोलारा एका साध्या गोष्टीवर उभा आहे: माणसाच्या शरीरातली एकही पेशी हायड्रोजन वायू तयार करत नाही. तो तयार करतात आतड्यातले जीवाणू. लहान आतड्यात न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरली की जीवाणू ती आंबवतात. त्यातून निघालेल्या हायड्रोजनचा काही भाग रक्तात मिसळतो, फुप्फुसात पोचतो आणि उच्छ्वासातून बाहेर पडतो. म्हणजे श्वासात हायड्रोजन वाढला, तर काहीतरी पचल्याविना पुढे गेले आहे.

याचा पाठपुरावा सुरू झाला तो अंतराळवीरांमुळे. १९६० च्या दशकात अमेरिकेत डोरिस कॅलोवे यांनी यानातल्या आहाराच्या संदर्भात आतड्यातल्या वायूंचा अभ्यास केला. बंद यानात हायड्रोजन, मिथेनसारखे ज्वालाग्राही वायू साचले तर काय, ही धास्ती होती. १९६९ मध्ये मिनियापोलिसच्या मायकेल लेविट यांनी माणसातल्या हायड्रोजनची निर्मिती आणि उत्सर्जन मोजून दाखवले. अंतराळाच्या काळजीतून निघालेली पद्धत अशी पोटाच्या दवाखान्यात आली.

प्रत्यक्ष तपासणी कंटाळवाणी असते. रात्रभर उपाशी राहून सकाळी पहिली फुंकर. मग पाण्यात विरघळवलेली साखर प्यायची. दुधाची शंका असेल तर लॅक्टोज, बहुधा २५ ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा लिटर दुधात असते तेवढे. त्यानंतर दर पंधरा ते तीस मिनिटांनी, दोन-तीन तास, पुन्हा पुन्हा फुंकायचे. फुंकण्यालाही शिस्त आहे. दीर्घ श्वास घ्यायचा, पंधरा सेकंद रोखायचा, मग संथ सोडायचा. सुरुवातीची हवा तोंडातली नि श्वासनळीतली असते, ती कामाची नाही. रक्ताशी देवाणघेवाण झालेली शेवटची हवाच यंत्राला हवी असते. पहिल्या आकड्यापेक्षा हायड्रोजन दहा लाख भागांत २० भागांनी किंवा अधिक वाढला, तर तपासणी 'पॉझिटिव्ह'.

काही जणांच्या आतड्यात मात्र मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव हाच हायड्रोजन खाऊन टाकतात. त्यांच्या फुंकरीत हायड्रोजन दिसत नाही आणि निदान चुकते. म्हणून चांगली यंत्रे मिथेनही मोजतात. मिथेन जास्त असलेल्यांत बद्धकोष्ठ अधिक आढळते.

दूध न पचणे हा आजार आहे का?

जन्मलेल्या जवळपास प्रत्येक बाळाच्या लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर असते. दूध सुटल्यावर बहुतेक माणसांत ते ओसरत जाते. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांत ते पुरेसे उरत नाही. ज्यांच्यात ते मोठेपणीही टिकते त्यांच्या जनुकसंचात एखादा बदल असतो. युरोपातला असा बदल २००२ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी ओळखला. भारतातल्या गुराखी समाजांत युरोपातलाच बदल आढळतो. वायव्येकडून दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे येताना त्याचे प्रमाण घटते. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टंडन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात उत्तर भारतीयांपैकी सुमारे २७ टक्के, तर दक्षिण भारतीयांपैकी सुमारे ६७ टक्के लोकांना लॅक्टोज पचत नव्हते.

चंद्रपूर-गडचिरोली या दोन टोकांच्या मध्ये येते. इथल्या गोंड-माडियांविषयी लिहिणाऱ्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे की गाय-बैल पाळले जात ते मुख्यतः शेतीसाठी. दूध काढण्याची चाल फारशी नव्हती, ते वासराचे मानले जाई. अशा समाजात मोठ्या माणसाला पेलाभर दूध सोसले नाही तर नवल कसले? दूध पिणाऱ्यांनी आपले पोट हे माप धरले आणि बाकीच्यांच्या पोटाला 'असहिष्णुता' असे नाव दिले.

याचा अर्थ दूध बंद करा, असा मुळीच नाही. लॅक्टोज न पचणारे बहुतेक जण एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत ते सहज सोसतात, आणि २०० मिलिलिटर दुधात ते दहा ग्रॅमच्या आसपास असते. टपरीवरच्या चहात तर त्याचा अंशच. दह्यात लॅक्टोज कमी होते, शिवाय दह्यातले जीवाणू स्वतःचे विकर सोबत आणतात. लग्नाच्या पंगतीत दोन वाट्या बासुंदी चापल्यावर पोट बिघडणे आणि रोजच्या चहाने बिघडणे यांत म्हणूनच फरक करायला हवा. पहिल्याचे कारण लॅक्टोज असू शकते. दुसऱ्याचे कारण दुसरीकडे शोधावे.

आदल्या रात्रीचा भात

या तपासणीचे भवितव्य यंत्रापेक्षा आदल्या रात्रीच्या जेवणावर ठरते. तूर, लाखोळी, वाल यांत रॅफिनोजसारख्या साखरा असतात; त्या कुणाच्याच लहान आतड्यात पचत नाहीत. रात्री वरण ओरपून सकाळी फुंकायला बसले तर पहिलाच आकडा चढलेला येतो. १९८७ मध्ये लेविट यांच्याच गटाने गहू, ओट, मका, बटाटा आणि तांदूळ खाऊ घालून हायड्रोजन मोजला. तांदळाने तो जवळपास वाढलाच नाही. त्यामुळे तपासणीच्या आदल्या रात्री साधा पांढरा भात सांगतात. भाताच्या या झाडीपट्टीत ही पथ्याची अट कुणाला जड जाणार नाही. वरणावाचून भात घशाखाली उतरवणे तेवढे कठीण.

बाकीच्या अटी इथे खऱ्या अडचणीच्या. धुराने श्वासातला हायड्रोजन वाढतो, म्हणून तपासणीआधी बिडी नको. तोंड स्वच्छ हवे, म्हणजे खर्राही नको. महिनाभर प्रतिजैविके घेतलेली नसावीत. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना मिळालेली गोळीसुद्धा त्यात आली. हे सगळे न विचारता यंत्र लावले तर छापील आकडा मिळेल, निदान मिळणार नाही.

लहान आतड्यात जीवाणूंची बेसुमार वाढ झाली आहे का, हेही याच पद्धतीने पाहतात. त्यासाठी ग्लुकोज देतात. लॅक्टुलोज दिले तर निरोगी माणसातही हायड्रोजन वाढतो, कारण ती साखर कुणालाच पचत नाही. ती मोठ्या आतड्यात कधी पोचली एवढ्यावरूनच अर्थ लावावा लागतो. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत असताना उदय घोषाल यांनी या तपासण्यांचा अर्थ कसा लावावा यावर विस्ताराने लिहिले आहे.

दुसरी फुंकर, दुसरा वायू

श्वासाची आणखी एक तपासणी जठरासाठी आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू जठरातल्या आम्लात तग धरतो तो युरिएज या विकराच्या जोरावर. ते युरियाचे अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड करते. रोग्याला खूण केलेल्या कार्बनचा युरिया पाजतात. जीवाणू असेल तर तोच कार्बन अर्ध्या तासात उच्छ्वासात उतरतो. कार्बन-१३ वापरला तर किरणोत्सर्गाचा प्रश्नच नाही, म्हणून मुलांनाही चालतो. पर्थचे बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हा जीवाणू स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला आणि २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. युरियाची श्वासतपासणी १९८७ मध्ये डेव्हिड ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी मांडली.

मोहर्लीच्या दृष्टीने हिचे मोल जास्त आहे. हा जीवाणू सहसा लहानपणी, गर्दीच्या घरात शिरतो, आणि अल्सर व जठराच्या कर्करोगाशी त्याचे नाते सिद्ध झाले आहे. औषधाने तो गेला की नाही हेही याच फुंकरीने कळते. शिवाय नमुना बंद नळीत टिकतो. माणसाने दुर्बीण घालून घ्यायला नागपूर गाठण्याऐवजी त्याचा श्वास तेवढा प्रवास करू शकतो.

गडचिरोलीचे मणी

श्वासावरून निदान ही या भागाला नवी गोष्ट नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बालकांचा न्यूमोनिया गावातच ओळखण्यासाठी श्वास मोजायचे साधे उपकरण तयार केले: मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली की न्यूमोनिया समजायचा. दोन महिन्यांखालच्या बाळाला मिनिटाला साठ, त्यापुढे पन्नास ही मर्यादा मण्यांतच बसवलेली होती; मोठे आकडे न येणाऱ्या बाईलाही ती वापरता यावी म्हणून. या जिल्ह्यातल्या न्यूमोनिया-उपचाराने बालमृत्यू घटल्याचा अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

मण्यांच्या त्या तारेतून पोटाच्या तपासणीने घ्यायचा धडा स्पष्ट आहे. आधी प्रश्न नेमका हवा आणि उत्तर मिळाल्यावर करायचे काय हे ठरलेले हवे. हायड्रोजनचे यंत्र घेऊन आश्रमशाळेत गेलो आणि सरसकट सगळ्यांना फुंकायला लावले, तर अनेक मुले 'पॉझिटिव्ह' निघतील. त्यांना रोगी म्हणणे ही चूक होईल. जे मूल दूध नाकारते त्याला तपासणीची नव्हे, अंड्याची, दह्याची, चण्याची गरज आहे. त्याचे पोट बिघडलेले नाही, ते आपल्या पूर्वजांसारखे आहे.

याउलट ज्याचे वजन घटते, ज्याच्या शौचात रक्त आहे, ज्याला रात्री झोपेतून पोटदुखी उठवते, त्याला फुंकरीत अडकवू नये. त्याने थेट चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ता धरावा. उरतात ते मधले: महिनोन्‌महिने जळजळ सोसणारे, गोळ्यांवर दिवस काढणारे. पोटाची श्वासतपासणी आहे ती त्यांच्यासाठी. त्यांचे पथ्य सांभाळणे, बिडी-खर्ऱ्याचे विचारणे, वेळेवर नळी भरून झाकण लावणे हे आशाताईच्या आवाक्यातले काम आहे. युरियाच्या तपासणीचे महागडे यंत्र चंद्रपुरात किंवा नागपुरात एकच असले तरी पुरे. मोहर्लीपर्यंत यायला हवे ते नमुना घेण्याचे प्रशिक्षण आणि निकालासोबत परत येणारे औषध. तेवढे झाले तर टपरीवरच्या माणसाला सोड्याची पुडी घेण्याआधी निदान विचारता तरी येईल, की हे नेमके कशाने होते.