कवड्या वाजतात तेव्हा

मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला पोचलं की आधी नजरेत भरतो तो नंगारा. इतका मोठा की त्यात 13 दालनं मावली आहेत. बंजारा विरासत संग्रहालयाची ही चार मजली वास्तू नगाऱ्याच्या आकारात बांधली आहे आणि तिचं नावही नंगारा भवनच. 5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं, आणि त्या दिवशी पोहरादेवीत त्यांनी स्वतः नगाराही वाजवून पाहिला. आत समाजाच्या थोर पुढाऱ्यांची चित्रं आहेत, चळवळींचा इतिहास आहे, रोजच्या जगण्यातल्या वस्तू आहेत. आपली कहाणी सांगायला वाद्याचा आकार निवडणारा समाज मला फार मोलाचा वाटतो. किल्ले आणि वाडे बंजाऱ्यांच्या वाट्याला आले नाहीत. धान्य, मीठ बैलांच्या पाठीवर लादून मुलूखभर फिरणारी त्यांची लदेणी. आज इथे मुक्काम, उद्या तिथे. अशा तांड्याला गोळा करायचं, निघायचा इशारा द्यायचा, तर त्याला आवाजच हवा. तो नंगाऱ्याचा.

संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे पोहरादेवी ही साऱ्या बंजारा समाजाची काशी. रामनवमीला इथे देशभरातून माणसं येतात. मी मात्र पावसाळी हवेत गेलो, आणि त्यामुळेच नंगारा तयार करायचं काम नीट पाहता आलं. धातूचं खोलगट भांडं, त्यावर ताणलेलं कातडं, ते आवळून धरणाऱ्या वाद्या. हवेत ओल असली की कातडं सैल पडतं आणि टिपरू मारलं तरी नुसता भद्द असा आवाज येतो. वादकाने थोडा काडीकचरा पेटवला, नंगारा तिरका धरला आणि जाळापासून हातभर लांबून सावकाश फिरवायला सुरुवात केली. घाई केली तर कातडं फाटतं. मधेच तो बोटाने कडेवर टिचकी मारायचा, मान वाकवून ऐकायचा, पुन्हा फिरवायचा. पण तो नुसतं ऐकत नव्हता. त्याची नजर काठाशी पडलेल्या बारीक सुरकुत्यांवर होती. त्या एकेक करून विरत गेल्या, कातड्याचा ओलसर काळपटपणा उजळला, तसा आवाज वर चढत गेला. शेवटी त्याने टिचकीही मारली नाही, कातडं पाहिलं आणि नंगारा जाळावरून काढला. शेजारी पितळी थाळी घेऊन बसलेल्याने तेवढ्यावरून ओळखलं आणि ताल धरला.

पुढे एका म्हाताऱ्या याडीजवळ बसलो. याडी म्हणजे आई; सगळे तिला याडीच म्हणत होते. ती काचळीच्या, म्हणजे चोळीच्या, गोंड्याला कवड्या लावत होती. कवडीची फुगीर पाठ घासून काढली की आरपार दोरा ओवता येतो. काठावरच्या कवड्या ती घट्ट शिवत होती, दोरा दोनदा फिरवून. गोंड्याच्या कवड्यांना मात्र तिने मुद्दाम थोडी ढील ठेवली. मला वाटलं, काम अर्धवट राहिलंय. तिने गोंडा उचलून कानाजवळ हलवला, नापसंतीने मान हलवली, दोन कवड्यांचे दोरे सोडून पुन्हा लांब केले. आता त्या एकमेकींवर आपटल्या. मग तिने पुढचा गोंडा घेतला. आरसे, रंगीत दोरा, कापडाचे तुकडे हे सगळं डोळ्यांसाठी. पण काम पुरं झालं की नाही हे ठरवत होता तिचा कान.

या कवड्या जुन्या लिखाणातही भेटतात. वऱ्हाडातल्या बंजाऱ्यांविषयी इंग्रजी अमलात लिहिलं गेलं, त्यातलं बरंच वाशीमला पोलीस अधिकारी असलेल्या कंबरलेज यांच्या टिपणावर आधारलेलं आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथातही त्याचाच आधार घेतला आहे. त्या ग्रंथात हटाडिया बैलाचं वर्णन येतं. देवाला सोडलेला हा बैल, त्याच्या पाठीवर कधी ओझं नाही. अंगावर लाल रेशमी पट्टे, गळ्यात आणि पायांत पितळी साखळ्या-घंटा, चहूबाजूंनी कवड्यांच्या माळा आणि रेशमी गोंडे. तांड्याच्या पुढे तो चाले आणि तो जिथे बसेल तिथे मुक्काम पडे. धुळीत, गर्दीत, मागून येणाऱ्या माणसाला तो दिसो न दिसो, ऐकू नक्कीच येत असणार. याडीच्या बोटांतली ढील तिथून चालत आलेली आहे, असं मला वाटतं.

बंजारा भरतकामाचं कौतुक आता पुष्कळ होतं, आणि व्हायलाच हवं. कर्नाटकात बंजाऱ्यांना लंबाणी म्हणतात; तिथल्या संडूरच्या लंबाणी कशिद्याला भौगोलिक मानांकन आहे. जुलै 2023 मध्ये जी-20 च्या निमित्ताने हंपीला लंबाणी कशिद्याच्या 1,755 वस्तू एकत्र मांडून विक्रम झाला. पण अशा प्रदर्शनांत कापड भिंतीवर टांगलेलं असतं. फेटियाचा, म्हणजे घागऱ्याचा, घेर पसरून खिळ्यांना लावला की नक्षी पूर्ण दिसते, घेर मात्र हलत नाही. खरं तर ती नक्षी आपण कधी पूर्ण पाहायची नसतेच. होळीला डफावर लेंगी गीतं सुरू होतात, बाया वर्तुळात वाकतात, उठतात, टाळी देतात. केसांतली चांदीची घुगरी, हातभर चढवलेल्या बलिया म्हणजे बांगड्या, गोंड्यांच्या कवड्या सगळं एकाच मात्रेवर वाजतं आणि आरसे त्याच मात्रेवर चमकतात. त्यात डफवाल्याचा ताल कुठे संपतो आणि बायांच्या अंगावरचा कुठे सुरू होतो, हे सांगता येत नाही.

म्हणून नंगाऱ्याच्या आकाराच्या या वास्तूकडून माझी अपेक्षा जास्त आहे. प्रत्येक पोशाखाजवळ तो घालून चालणाऱ्या बाईचा आवाज ऐकायला ठेवावा. अंगणातून ती पाण्याला गेली, लेंगीत वाकली, दळायला बसली, तेव्हा तो पोशाख कसा वाजला ते. बलियांचाही आवाज घ्यावा, कारण पूर्वीच्या हस्तिदंती बलिया आणि आताच्या प्लॅस्टिकच्या यांत कानाला मोठा फरक पडतो, आणि जुन्या बलिया घालणाऱ्या बाया आता थोड्या उरल्या आहेत. नंगाऱ्याचे दोन ठोके ऐकवावेत, एक ओल धरलेल्या कातड्याचा, दुसरा शेकलेल्या. हे काम महागडं नाही. त्याला लागतात ध्वनिमुद्रण करणारी दोन-चार पोरं, जी तांड्यातलीच मिळतील, आणि याडीसारख्या बायांचा थोडा वेळ. याडी तयार आहे. मी विचारलं, तर तिने आधी एवढंच विचारून घेतलं की घुगरी पेटीतून काढायची की अंगावरचीच चालेल.