जात्यावरची माया

प्रेम हा विषय निघाला की आपली गाडी हमखास नायक-नायिकेपाशी जाऊन थांबते. पण माणूस काही एकाच प्रेमावर आयुष्य काढत नाही. आईची ओढ, भावाचा आधार, लेकराचं वेड, जावेची सोबत, देवाशी सलगी अशी कितीतरी प्रेमं त्याला धरून ठेवतात. मराठीत या सगळ्यांची सर्वांत मोठी नोंद कोणा पंडिताने केलेली नाही. ती केली आहे पहाटे जात्यावर बसणाऱ्या, बहुतेक निरक्षर बायकांनी, आपल्या ओव्यांमधून.

साने गुरुजींनी अशा ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ हा संग्रह दोन भागांत काढला. पुढे सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या संकलनाला आयुष्य दिलं. आणि पुण्यात हेमा राईरकर व मूळचे फ्रान्सचे गी पॉइत्वाँ यांनी तर डोंगराएवढं काम उभं केलं. 1980 च्या दशकात मुळशीच्या डोंगराळ भागात गरिबांच्या संघटनेचं काम करता करता या ओव्यांचं मोल त्यांच्या ध्यानात आलं. त्यांच्या गटाने हजारावर गावांतल्या तीन हजारांहून अधिक बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या टिपल्या. बर्नार्ड बेल या संगीत-अभ्यासकाच्या साथीने त्यातल्या अनेक ध्वनिमुद्रित झाल्या. पॉइत्वाँ 2004 मध्ये गेले. 2017 पासून ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, या ओव्या आवाजासह लोकांपुढे आणत आहे.

दोघींमधला खुंटा

दळण बहुधा दोघींचं असे. घर उठायच्या आत सासू-सून, जावा-जावा किंवा शेजारणी समोरासमोर बसत. खुंट्यावर दोघींचे हात, एकीचा मोकळा हात मुठीमुठीने दाण्यांचा घास घालणारा, आणि दगडाच्या कडेने गळणारं पीठ. वरचा दगड फिरवायला जोर लागतो आणि तो एका लयीत लावावा लागतो. ओवी त्या लयीवर चालते. एकीने ओळ टाकायची, दुसरीने ती उचलून धरायची. चालीला बायकांचा शब्द ‘गळा’. एकच ओवी वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या गळ्यावर ऐकू येते.

सुरुवातीच्या ओव्या देवाला, मग आईबापाला, भावाला, लेकराला असा सहसा क्रम. म्हणजे रोज दळायला बसताना बाई आपली माणसं एकेक करून मोजून घेई. जात्याच्या घरघरीत बाहेरच्याला शब्द नीट कळत नसत आणि बाई कामात असल्यामुळे तिला कोणी हटकतही नसे. दिवसभर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी सून या तासाभरात सासरच्या जाचापासून माहेरच्या आठवणीपर्यंत सगळं बोलून घेई.

मुराळ्याची वाट

या ओव्यांत नवरा आहे, पण बराचसा आडून. कुंकू, चुडा, हळद यांतून त्याचं कौतुक होतं आणि कधी त्याच्या मारझोडीची तक्रारही येते. भाऊ मात्र उघडपणे, भरभरून येतो. तो मुराळी होऊन पंचमीला, दिवाळीला बहिणीला न्यायला येतो, चोळी-लुगडं घेतो, तिच्या दारात त्याच्या बैलांचं, गाडीचं कौतुक होतं. लग्न झालेल्या बाईला आपल्या मनाने माहेरी जाता येत नसे, नेणारा यावा लागे. आईबाप गेल्यावर तर माहेर म्हणजे भाऊच.

या मायेला दुसरी बाजू आहे. बापाच्या जमिनीत लेकीला वाटा नव्हता. जे कायद्याने मिळत नव्हतं, ते भावाच्या मायेतून मिळेल अशी आस होती. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच मुलाइतका हक्क दिला. तरीही आज तलाठ्याकडे चौकशी केली तर बहिणींनी सही केलेली हक्कसोडपत्रं पुष्कळ सापडतील. वाट्यासाठी माहेर तोडायचं की माहेरासाठी वाटा सोडायचा, असा तिढा टाकणाऱ्या प्रेमाला निव्वळ गोड म्हणता येत नाही. ओवीही म्हणत नाही. भावजय आल्यावर भाऊ कसा बदलला, हे ती स्पष्ट सांगते. गंमत अशी, की गाणारी प्रत्येक बाई एका घरात नणंद आणि दुसऱ्या घरात भावजय. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या ओव्या ऐकायला मिळतात.

लेकीच्या बाबतीतही तेच. लेकीचं कौतुक करणारी आई त्याच तोंडाने लेकीचा जन्म नको म्हणते, कारण तिला पुढचं माहीत असतं.

देवाशी घरोबा

माणसांकडून उरलेलं विठ्ठलाकडे जातं. ओव्यांमधला विठ्ठल गाभाऱ्यात लांब उभा नाही. तो बाप आहे, भाऊ आहे, रुक्मिणीचा रुसवा काढता काढता दमलेला संसारी माणूसही आहे. संत जनाबाई गंगाखेडची, लहानपणीच आईबापाविना नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिलेली. तिच्याबरोबर विठ्ठल दळायला बसला अशी कथा आहे आणि पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं जातं आजही दाखवतात. खुंट्याला दुसरा हात लावणारा देव ही कल्पना दळणाऱ्या बाईलाच सुचावी.

बाबासाहेब आंबेडकरही या ओव्यांत असेच घरचे होऊन येतात. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी गायलेल्या भीमाच्या ओव्या 1996 मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. घटनेचा शिल्पकार तिथे आपल्या रक्ताच्या माणसासारखा गायला जातो. माणूस म्हणून उभं केल्याचं ऋण त्या बायकांनी नात्याच्या भाषेत फेडलं.

या सगळ्यातून मला एक गोष्ट ठळक दिसते. या बायकांनी सगळा भार कधीच एका प्रेमावर टाकला नाही. नवऱ्याकडून जे मिळालं नाही ते भावाकडे, भाऊ फिरला तर जावेकडे, कोणीच नाही तर विठोबाकडे. आज आपण उलटं करतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दोघांनी एकमेकांचे मित्र, भाऊ, आई, देव सगळं व्हावं अशी अपेक्षा धरतो आणि ते जमलं नाही की प्रेमच खोटं ठरवतो. दळणाचे कष्ट परत यावेत असं कोणी म्हणणार नाही. गावात गिरणी आली तेव्हा बायका सुटल्याच. पण जिवाभावाची माणसं अनेक असू द्यावीत आणि त्यांच्याविषयी तोंडाने बोलावं, ही त्यांची रीत ठेवण्यासारखी आहे.

जात्यावर दळलेल्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. दिवाळीला गावी गेलात, तर आजीजवळ, मावशीजवळ बसा. तिला ओवी म्हणायला सांगा, मोबाईलवर आवाज टिपा, तिचं माहेर कुठलं ते लिहून ठेवा आणि ही ओवी कोणासाठी होती तेही विचारा. हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.