उंच रेघ म्हणजे जास्त माल नव्हे

मागच्या वेळी एका श्रोत्यानं विचारलं होतं, "सर, मास स्पेक्ट्रोमीटर रेणूंचं वजन करतो ना? मग मिश्रणात अमुक पदार्थ किती, हे तो थेट सांगत नाही का?" नाही सांगत. का, ते बघू.

२००८ साली चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत मेलामाईन सापडलं. सुमारे ३ लाख मुलं आजारी पडली, ६ दगावली. प्रथिनं तपासण्याची रूढ पद्धत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनांचा अंदाज बांधते. मेलामाईनच्या वजनातला जवळजवळ दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच! त्यामुळे पाणी घातलेलं दूध कागदावर कसदार ठरलं. नायट्रोजनचा आकडा खोटा नव्हता बरं का; आपण मोजलं एक आणि समजलो दुसरंच.

आता मास स्पेक्ट्रोमीटर. मेलामाईनच्या रेणूचं वस्तुमान १२६. त्याला एक प्रोटॉन चिकटला की त्याची रेघ १२७ वर दिसते. १२७ वर दुसराही कुणी असू शकतो, म्हणून तो रेणू फोडून ८५ चा तुकडा निघतो का, तेही पाहतात. झाली ओळख. पण 'किती'? दुधातले इतर पदार्थ विद्युतभार मिळवण्याच्या गर्दीत मेलामाईनला मागे ढकलतात, रेघ बुटकी होते. शिवाय नमुना गाळताना-धुताना थोडं मेलामाईन वाया जातं, ते वेगळंच.

यावरची युक्ती मोठी सुंदर आहे. मेलामाईनचाच जुळा भाऊ घ्यायचा, ज्यात तीन कार्बन अणू साध्या १२ ऐवजी १३ वजनाचे आहेत. त्याची रेघ १३० वर येते. वागणूक मात्र जवळपास तीच. समजा, १ ग्रॅम पावडरीत अगदी सुरुवातीलाच १ मायक्रोग्रॅम जुळा नीट मिसळला. शेवटी १२७ ची रेघ १३० च्या दुप्पट आली, तर मूळ मेलामाईन २ मायक्रोग्रॅम, म्हणजे किलोमागे २ मिलिग्रॅम. बाळांच्या पावडरीसाठी कोडेक्सची मर्यादा १ मिलिग्रॅम आहे. तेव्हा हा नमुना नापास. वाटेत निम्मा माल सांडला तरी दोघांचाही निम्माच सांडतो. गुणोत्तर ढळत नाही.

म्हणजे यंत्र 'किती' सांगत नाही, 'कुणाच्या किती पट' एवढंच सांगतं. तो 'कुणी' आपण काट्यावर तोलून आधी घातलेला असतो. आणि जुळा घालायचा, तर शोधायचं कुणाला हे आधी माहीत हवं. ती शंका यंत्राला येत नाही. ती माणसालाच यावी लागते.